नखाखालची गाठ, रिपोर्टमध्ये कॉन्ड्रोसार्कोमा, आणि निघाला मेलॅनोमा : नाशिकमधली एक केस

कॉन्ड्रोसार्कोमा म्हणजे कुर्चेचा (कार्टिलेजचा) कॅन्सर, मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींचा कॅन्सर, आणि मी असे तुकडे तपासणारी पॅथॉलॉजिस्ट. पेशंट ५६ वर्षांच्या बाई, निफाड तालुक्यातल्या, घरची द्राक्षबाग, दिवसभर बागेतच काम. ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. दोनेक वर्षांपूर्वी वणीच्या गडावर पायी जाताना डाव्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, नख उचकटलं, आणि नंतर ते धड आलंच नाही. अर्धवट यायचं, खालून लालसर मांस दिसायचं, कधी पाणी, कधी रक्त. घरच्यांनी सगळं त्या ठेचेवर टाकलं. नखुरडं समजून हळद-तेल झालं, मेडिकलवरनं मलम झालं, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. मधे एका दवाखान्यात नख काढून खालचं वाढलेलं मांस खरवडलं, पण ते तपासायला पाठवलंच नाही, टाकून दिलं. याचा मला मनापासून राग येतो, कारण तेव्हा तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकून कुठल्याही लॅबला दिला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. न भरणाऱ्या नखाखालून काढलेला कुठलाही तुकडा टाकून द्यायचा नसतो.

खरवडल्यावर काही महिन्यांत तिथेच पुन्हा गाठ आली, ह्या वेळी टणक. बूट जाईना, चप्पल घासायची. तरी बाईंनी गोडी छाटणी उरकू दिली, मग मुलाने नाशिकला ऑर्थोच्या सरांकडे आणलं. तोवर गाठ २.८ सेंटिमीटर झालेली, वरची कातडी फुटलेली, रंग लालसर-पांढरा, काळं असं काहीच नाही.

एक्सरेमध्ये अंगठ्याच्या टोकाच्या हाडाशेजारी मऊ भागात चुन्यासारखे ठिपके आणि कडा, म्हणजे कॅल्सिफिकेशन, पण खालच्या हाडाची बाहेरची रेघ शाबूत. नखाखाली हाडासारखं काही दिसलं की पहिल्यांदा सबअंग्युअल एक्झॉस्टोसिस डोक्यात येतं, साधी हाडाची वाढ, जास्त करून पायाच्या अंगठ्यालाच, तरुण मुलामुलींत, लागल्याची हिस्ट्री असते. पण ती वाढ खालच्या हाडाला देठाने चिकटलेली असते, इथे देठ नव्हता. एमआरआयमध्येही गाठ हाडाला टेकलेली पण वेगळी, हाडाच्या आतली मज्जा नॉर्मल. म्हणजे हाडातून न निघालेली आणि तरीही स्वतः हाड-कुर्चा बनवणारी गाठ. इथूनच केस वेगळी व्हायला लागते.

सरांनी बायोप्सी घेऊन दुसऱ्या एका लॅबला पाठवली. रिपोर्ट आला तो असा की कुर्चा बनवणारी मॅलिग्नंट गाठ, काही भागात ऑस्टिऑइड म्हणजे कच्चं हाड, पेशींची ओळख पटवणाऱ्या मार्करपैकी एस-१०० पॉझिटिव्ह, एचएमबी-४५ आणि मेलन-ए निगेटिव्ह, त्यामुळे हाडाबाहेरचा कॉन्ड्रोसार्कोमा, ऑस्टिओसार्कोमाही (हाड बनवणारा कॅन्सर) नाकारता येत नाही. कागदावर वाचलं तर ह्यात चूक काढणं अवघड आहे. एस-१०० कुर्चेच्या पेशीत येतोच, मेलॅनोमाचे दोन मार्कर निगेटिव्ह, समोर कुर्चा दिसतेय. पण सरांना पटेना. ५६ व्या वर्षी, अंगठ्याच्या नखाखाली, हाडाला न धरता कॉन्ड्रोसार्कोमा? त्यांनी ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड माझ्याकडे पाठवल्या आणि फोनवर एवढंच म्हणाले, "मॅडम, मला अंगठा कापायच्या आधी खात्री पाहिजे, जांघेतला लिम्फ नोड बघायचा का नाही तेही ठरवायचंय."

हा प्रश्न फार महत्त्वाचा होता. कॉन्ड्रोसार्कोमा असेल तर ऑपरेशन हाच मुख्य इलाज, लिम्फ नोड सहसा बघतही नाहीत. ऑस्टिओसार्कोमा धरला तर डॉक्सोरुबिसिन-सिस्प्लॅटिनसारखी जड केमो, जिचा मेलॅनोमात फारसा उपयोग नाही. आणि मेलॅनोमा असेल तर जांघेतला सेंटिनल नोड, म्हणजे कॅन्सर पसरताना आधी जिथे पोचतो तो लिम्फ नोड, तपासायला हवा, जीन टेस्ट हव्यात, पुढे इम्युनोथेरपीचा विचार. निदान बदललं की औषध, ऑपरेशन, फॉलोअप सगळंच बदलतं, आणि चुकीच्या नावाखाली गेलेले महिने परत मिळत नाहीत.

स्लाइड बघितल्या तर पहिली गोष्ट डोळ्यात भरली ती म्हणजे पेशींची केंद्रकं फिकट, धुऊन निघाल्यासारखी. हे डिकॅलचं लक्षण. गाठीत हाड असलं की ते तसंच मायक्रोटोमवर कापता येत नाही, आधी कॅल्शियम काढावं लागतं. बऱ्याच लॅबमध्ये त्यासाठी नायट्रिक नाहीतर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरतात, कारण काम एक-दोन दिवसांत होतं. पण तुकडा त्यात जास्त वेळ राहिला की प्रोटीन बिघडतं, डीएनएचे तुकडे होतात, आणि मग इम्युनो (मार्कर लावून केलेली तपासणी) निगेटिव्ह आलं तर ते खरंच निगेटिव्ह आहे का मारलं गेलंय हे सांगता येत नाही. ईडीटीएने हेच काम हळू होतं, कधी आठवडा, कधी त्याहून जास्त, पण टिश्यू शाबूत राहतो. एचएमबी-४५ निगेटिव्ह ह्या एका ओळीवर मेलॅनोमा बाद करण्याआधी त्याच स्लाइडवरचा इंटर्नल कंट्रोल बघायला पाहिजे. आपल्या प्रत्येकाच्या कातडीच्या तळाच्या थरात थोड्या थोड्या अंतरावर मेलॅनोसाइट असतातच, त्या मेलन-एने रंगायलाच हव्यात. जुन्या मेलन-एच्या स्लाइडवर कोपऱ्यात कातडीचा एवढासा तुकडा होता आणि त्यातली एकही पेशी रंगली नव्हती. म्हणजे गाठीबद्दल ती स्लाइड काहीच सांगत नव्हती.

मग मी त्या लॅबला फोन केला, बरणीत काही उरलंय का विचारायला. उरलं होतं, फॉर्मॅलिनमध्ये, डिकॅलला न गेलेलं. लॅबने दुसऱ्याच दिवशी मुलाच्या हाती बरणी दिली, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. ग्रॉसिंगला, म्हणजे नमुना बघून कापताना, आमच्या टेक्निशियनने एकेक तुकडा सुरीच्या टोकाने दाबून बघितला, करकर वाजणारे बाजूला, मऊ बाजूला. मऊ तुकडे थेट प्रोसेसिंगला, कडक तेवढे ईडीटीएला. ही दोन मिनिटांची वेगळवेगळ अशा केसमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडते आणि नेमकी हीच राहून जाते, पूर्ण नमुना एकाच अ‍ॅसिडच्या बाटलीत जातो. मऊ तुकड्यांत एक पट्टी अशी होती की तिच्या एका कडेला गाठीच्या शेजारची, न फुटलेली कातडी होती. मला तीच हवी होती.

त्या पट्टीवर उत्तर दिसलं. एपिडर्मिसच्या (कातडीच्या वरच्या भागाच्या) तळाच्या थरात मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी एकेक करून ओळीने चाललेल्या, मधेमधे घोळके, काही पेशी वरच्या थरात चढलेल्या, दोन-चार पेशींत बारीक तपकिरी दाणे. हा तळव्या-नखाकडच्या मेलॅनोमाचा, म्हणजे अ‍ॅक्रल लेंटिजिनसचा नमुना. आणि हे घोळके खाली उतरत उतरत लांबट पेशींच्या चादरीत मिसळत होते, त्या चादरीत आधी निळसर कुर्चेसारखा गर, मग गुलाबी जाळीदार ऑस्टिऑइड, आणि त्या जाळीत अडकलेल्या पेशी वरच्यासारख्याच भेसूर. दुखापतीनंतर शरीर जे साधं हाड घालतं त्याच्या काठाला शहाण्यासारख्या ऑस्टिओब्लास्टची रांग असते, इथे तशी रांग नव्हती, गाठीच्याच पेशी ते हाड बनवत होत्या. सार्कोमा खालून वर येऊन कातडीला टेकू शकतो, फोडूही शकतो, पण एपिडर्मिसच्या तळाशी असा मेलॅनोसाइटचा पसारा घालत नाही. म्हणून नख, तळवा, तोंड, नाक, गुदद्वार अशा जागी हाड किंवा कुर्चा बनवणारी गाठ आली तर माझी नजर आधी कडेच्या कातडीकडे किंवा म्युकोसाकडे (आतल्या ओलसर अस्तराकडे) जाते, गाठीच्या मधल्या भागाकडे नंतर. बायोप्सी घेणाऱ्यालाही हेच सांगणं आहे, मधला कडक भाग तर घ्याच पण कडेची चांगली कातडी धरून एक तुकडा द्या.

नव्या ब्लॉकवर इम्युनो परत केलं. एस-१०० सगळीकडे पॉझिटिव्ह, पण त्याचं इथे फार वजन नाही, कुर्चा खरी असती तरी आला असता. सॉक्स-१० मात्र वरच्या घोळक्यांपासून ऑस्टिऑइडमधल्या पेशींपर्यंत केंद्रकांत ठसठशीत, आणि नेहमीच्या कॉन्ड्रोसार्कोमात, ऑस्टिओसार्कोमात तो सहसा येत नाही, माझ्या मते ह्या प्रश्नात सगळ्यात कामाचा मार्कर हाच. मेलन-ए आणि एचएमबी-४५ वरच्या घोळक्यांत चांगले, खाली लांबट पेशींत विरळ, आणि कुर्चा-हाडाच्या भागात जवळजवळ गायब. हे असंच होतं, पेशी वेगळ्या वाटेला लागली की मेलॅनोमाच्या खुणा टाकत जाते, म्हणून बायोप्सी नेमकी खालच्या कडक भागातून आली असेल तर चांगलं प्रोसेसिंग करूनही हे दोन्ही निगेटिव्ह येऊ शकतात. सॅट-बी-२ ऑस्टिऑइडच्या भागात पॉझिटिव्ह आला. हा मार्कर बघून कुणी ऑस्टिओसार्कोमा लिहून मोकळं होईल अशी भीती वाटते, पण तो पेशी हाड बनवायच्या कामाला लागलीये एवढंच सांगतो, ती मूळची कोण हे सांगत नाही. केराटिन आणि पी-४० निगेटिव्ह, म्हणजे हाड बनवणारा कार्सिनोमाही नाही, तोही ह्या जागी बघावा लागतो.

नांता नीव्हस म्हणून एक प्रकार आहे, साध्या तिळाच्या खाली हाड तयार होतं, बहुतेकदा चेहऱ्यावर. ते निरुपद्रवी असतं आणि पेशी शांत असतात, इथे मायटोसिस (विभाजन होत असलेल्या पेशी) भरपूर होते, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

आता मेलॅनोसाइट हाड का बनवेल? माझ्या वाचनात जे पटतं ते असं की मेलॅनोसाइट गर्भात न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशींच्या पट्टीतून येतात, आणि त्याच न्यूरल क्रेस्टच्या डोक्याकडच्या पेशी चेहऱ्याची हाडं आणि कुर्चाही बनवतात. म्हणजे हाड-कुर्चेची वाट ह्या घराण्याला परकी नाही, कॅन्सर झालेली पेशी ती पुन्हा धरते. असे मेलॅनोमा फार विरळा, जगभरात मोजके लिहिले गेलेत, आणि त्यात हातापायाची बोटं, नखं, तळवे आणि म्युकोसा ह्याच जागा पुन्हा पुन्हा दिसतात. आपल्याकडे तर ह्या जागा जास्तच लक्षात ठेवायला हव्यात, कारण गोऱ्या लोकांत उन्हाने होणारा पाठीचा-पायाचा मेलॅनोमा आपल्यात कमी, आपल्याकडच्या मेलॅनोमात तळवे, नखं आणि म्युकोसाचा वाटा मोठा.

रिपोर्ट लिहायच्या आधी मी सरांना फोन करून म्हटलं, "सर, ड्रेसिंग सोडून बेटाडिन पूर्ण पुसून नखाच्या मुळाशी बघाल का?" बाईंच्या अंगठ्यावर आधी हळद आणि मग महिनोन्महिने बेटाडिन, सगळी कातडी पिवळी-तपकिरी झालेली. स्पिरिटने पुसत पुसत सगळं निघालं, पण नखाच्या मुळाशी कातडीवर एक पुसट तपकिरी पट्टा राहिला, पुसला जाईना. सरांनी फोटो पाठवला. हचिन्सनची खूण, नखाचा काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरलेला. गाठीला रंग नव्हता, पण कडेला एवढा पुरावा होता आणि तो इतके दिवस बेटाडिनखाली दबून होता. नखाच्या कुठल्याही जुन्या जखमेला कॅन्सरच्या नजरेने बघायचं असेल तर आधी ती साध्या पाण्याने धुवून बघा.

रिपोर्टमध्ये लिहिलं : अ‍ॅक्रल मेलॅनोमा, हाड व कुर्चेच्या डिफरन्सिएशनसह, अल्सरेशन आहे. शेजारी स्पष्ट लिहिलं की आधीच्या ब्लॉकवरचं निगेटिव्ह इम्युनो ग्राह्य धरू नये. स्लाइड-ब्लॉक दुसऱ्या मतासाठी परळला टाटा मेमोरियलला पाठवायलाही सुचवलं, एवढ्या विरळ निदानावर एकाच पॅथॉलॉजिस्टच्या मतावर अंगठा कापू नये असं माझं ठाम मत आहे. तिथूनही हेच निदान आलं.

घरच्यांना समजावणं सोपं नव्हतं. मुलगा रिपोर्ट घेऊन आला, म्हणाला, "मॅडम, आधीच्या कागदावर हाडाचा कॅन्सर होता, आता कातडीचा म्हणताय, मग नक्की काय समजायचं?" त्याला स्क्रीनवर ती पट्टी दाखवली, वर कातडीत सुरुवात, खाली हाड बनवणाऱ्या पेशी, सलग एकच. बाई शेजारी बसून शांतपणे बघत होत्या, मग विचारलं, "म्हणजे ठेचेनं नाही झालं ना हे?" त्यांना ठेचेपेक्षा गडावर पायी गेल्याचा दोष लागतोय की काय ह्याची काळजी होती. मी सांगितलं की मावशी, ठेचेमुळे तिकडे लक्ष गेलं एवढंच, देवीच्या वाटेचा काही दोष नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला स्पष्ट दिसला.

पेट-सीटीमध्ये लांब कुठे काही नव्हतं. अंगठा मधल्या सांध्याच्या मागून काढला आणि त्याच वेळी जांघेतला सेंटिनल नोड, त्यासाठी रेडिओअ‍ॅक्टिव्ह टेक्निशियम आणि निळी डाय दोन्ही वापरलं. ऑपरेशन थिएटरला आधीच निरोप होता की नोड वेगळ्या बरणीत, अंगठा वेगळ्या, आणि अंगठ्यातलं हाड कापायच्या आधी आम्ही मऊ भाग काढून घेणार. ब्रेस्लो जाडी (गाठ वरून किती खोल गेली त्याचं माप) ६.१ मिलिमीटर भरली, अल्सर धरून टी-४-बी. खालच्या हाडात गाठ शिरलेली नव्हती, कडा मोकळ्या. सेंटिनल नोडमध्ये मात्र एक बारीकसा डिपॉझिट सापडला, एक मिलिमीटरच्या आतला, आणि गंमत नाही पण अभ्यासाची गोष्ट अशी की त्या डिपॉझिटमध्ये हाड नाही, कुर्चा नाही, साध्या गोल पेशी आणि तपकिरी रंग, पुस्तकातला मेलॅनोमा. मेलन-ए, एचएमबी-४५ दोन्ही लख्ख पॉझिटिव्ह. कुणाला अजून थोडी शंका असेल तर ती इथे मिटली. कॅन्सरची स्टेज ठरवणाऱ्या एजेसीसीच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे एन-१-ए, म्हणजे स्टेज ३-सी.

पूर्वी सेंटिनल नोड पॉझिटिव्ह आला की जांघेतले सगळे नोड काढायचे, पाय सुजायचा, आयुष्यभर त्रास. २०१७ मध्ये आलेल्या एमएसएलटी-२ ट्रायलने दाखवलं की सगळे काढून आयुष्य वाढत नाही, नियमित सोनोग्राफीने लक्ष ठेवलं तरी चालतं. बागेत उभं राहून काम करणाऱ्या बाईला हा फरक मोठा आहे. म्हणून नोड काढले नाहीत.

जीन टेस्टला मऊ भागाचा, अ‍ॅसिड न लागलेला ब्लॉक दिला. जुन्या ब्लॉकवर पाठवली असती तर बहुतेक "डीएनए अपुरा" असा कागद आला असता आणि पैसे वाया. बीराफ व्ही-६००-ई नाही, किट नाही, एनरास म्युटेशन आहे. बीराफ असतं तर गोळ्यांचा पर्याय होता, तो बंद झाला. राहिली पीडी-१ इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, वर्षभर. ऑन्कोलॉजिस्टनी घरच्यांना खरं खरं सांगितलं की अ‍ॅक्रल मेलॅनोमात तिचा प्रतिसाद उन्हाच्या मेलॅनोमापेक्षा कमी असतो, पण परत येण्याचा धोका मोठा असताना हाच उपाय हाताशी आहे. खर्च लाखांत. मुलाने कुठेतरी वाचलं होतं की कमी डोसमध्येही हे औषध चालतं, मग स्वस्तात का नाही? त्यालाही नीट उत्तर दिलं गेलं, की टाटा मेमोरियलच्या टीमने २०२३ मध्ये निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी देऊन फायदा दाखवला तो डोक्या-मानेच्या पुढच्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये, केमोच्या गोळ्यांसोबत, मेलॅनोमाच्या ऑपरेशननंतर नाही, त्यामुळे तो आकडा इथे तसाच उचलता येत नाही. कंपनीची पेशंट मदत योजना, एक ट्रस्ट आणि द्राक्षाचे आलेले पैसे मिळून पूर्ण डोस सुरू झाला.

सध्या इम्युनोथेरपी चालू आहे. दर डोसच्या आधी थायरॉइड, लिव्हर, किडनीच्या तपासण्या होतात, मधे थायरॉइड कमी झालं, गोळी सुरू केली, डोस थांबवावा लागला नाही. जांघेची सोनोग्राफी दर चार महिन्यांनी, आतापर्यंत स्वच्छ. दुसऱ्या पायाची नखं आणि दोन्ही तळवे दर वेळी स्किनच्या डॉक्टर बघतात. जांघेत किंवा पायावर नवीन काही टणक लागलं तर तिथेच सुई घालून पेशी तपासायच्या आणि कॅल्शियम दिसलं म्हणून जुनी जखम समजायची नाही, असं फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलंय, कारण पुढच्या वेळी बाईंना बघणारा डॉक्टर वेगळा असू शकतो.